घटकाभराची रोषणाई

म्हैसूरच्या राजवाड्याच्या पूर्वेस जो नजरबाद मोहल्ला आहे, त्याच्या वाट्यास इतिहासाने दगडांची एक विलक्षण देवघेव आणली. अठराव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात टिपू सुलतानाने वडियारांचे जुने म्हैसूर जमीनदोस्त केले आणि तेथील किल्ल्याचे व वाड्यांचे चिरे उचलून आणून या जागी नवा किल्ला बांधण्यास हात घातला. त्या नव्या ठाण्यास नजरबाद हे नाव त्यानेच दिले. परंतु काम तडीस जाण्यापूर्वीच 1799 साली श्रीरंगपट्टण पडले, टिपू कामास आला, पाच वर्षांचे तिसरे कृष्णराज वडियार गादीवर बसले आणि दिवाण पूर्णय्यांच्या कारभारात तेच चिरे पुन्हा वाहून नेऊन म्हैसूरचा किल्ला नव्याने उभा करण्यात आला. आज सुटीच्या दिवशी सायंकाळी राजवाड्याभोवतीच्या ज्या तटावर आणि दरवाजांवर दिव्यांच्या ओळी उजळतात, त्यांच्या खालचे काही दगड असे नजरबादची वारी करून आलेले आहेत, आणि म्हणून त्या रोषणाईवर या मोहल्ल्याचा इतर कोणत्याही मोहल्ल्याहून थोडा अधिक हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

पुढे कंपनी सरकारचा रेसिडेंट म्हैसूर दरबारी राहू लागला, त्याची कोठीही याच नजरबादेत झाली. तीच आजचे गव्हर्नमेंट हाउस होय. पोलीस ठाणे, सरकारी कचेऱ्या, जुन्या कौलारू घरांच्या ओळी, पूर्वेच्या अंगास प्राणिसंग्रहालय आणि कारंजी तलाव, आणि दक्षिणेकडे मान वळवावी तिकडे चामुंडीची टेकडी, असा या मोहल्ल्याचा एकंदर थाट आहे. येथून राजवाड्याकडे जावयास पायी फार वेळ लागत नाही. लष्कर मोहल्ल्यातील सेंट फिलोमिनाचे दोन उंच मनोरे तर मोकळ्या जागेवरून दृष्टीसही पडतात. डिसेंबरच्या अखेरीस या दोन टोकांच्या मध्ये संध्याकाळच्या वेळी माणसांची जी ये-जा सुरू होते, तिच्याविषयी हा लेख आहे.

राजवाड्यावरील विजेचे दिवे दसऱ्यात रोज लागतात हे महाराष्ट्रातही पुष्कळांना ठाऊक असते. वर्षभर दर रविवारी आणि सरकारी सुटीच्या दिवशीही, संध्याकाळी सातच्या सुमारास, ते घटकाभर लावले जातात, ही गोष्ट मात्र म्हैसूरला बिऱ्हाड करून राहिल्यावाचून नीटशी ध्यानात येत नाही. नाताळ हा सुटीचा दिवस. त्यात अलीकडे डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात राजवाडा मंडळातर्फे आवारात फुलांचे प्रदर्शन भरवण्याचा प्रघात पडला आहे. त्यामुळे शेवंती आणि झेंडूच्या वाफ्यांतून फिरून झाल्यावर माणसे हिरवळीवर ऐसपैस बसतात आणि दिवे लागण्याची वाट पाहतात.

ही वाट पाहणे हाच त्या संध्याकाळचा गाभा आहे. मी ज्या कुटुंबाच्या सोबतीने गेलो होतो ते भावसार क्षत्रियांपैकी, रंगाऱ्याचा आणि शिंप्याचा व्यवसाय करीत कैक पिढ्यांपूर्वी या मुलखात उतरलेले. घरात हिंगलाजमातेची आणि विठ्ठलाची उपासना, बोलण्यात मराठी आणि कन्नड एकाच श्वासात. आजीबाईंनी पिशवीतून वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेल्या भाजलेल्या शेंगा काढल्या. सात वर्षांचा नातू राजवाड्याच्या मधल्या घुमटाकडे टक लावून बसला होता.

"आजी, केव्हा लागतात गं?"

"सात वाजू देत की. तुझा आजोबाही असाच विचारत होता, लग्नानंतर पहिल्यांदा आणलं तेव्हा."

प्रकाश अजून पुरता ओसरला नव्हता. राखी दगडाच्या त्या प्रचंड इमारतीच्या कमानी एकीत एक मिसळू लागल्या होत्या, घुमटांचा लालसर रंग काळवंडत चालला होता, आणि मैदानातील हजारो माणसांचे बोलणे, कोणी सांगितलेले नसताना, हळूहळू उतरत गेले. मग एका क्षणी, कसलीही पूर्वसूचना नसताना, छज्जे, कमानी, सज्जे, घुमट, कळस, तटाचे दरवाजे आणि आवारातील देवळांची गोपुरे सोनेरी रेषांनी एकदम रेखली गेली. सगळ्या मैदानातून जो उद्गार निघाला त्याला कन्नड म्हणावे की मराठी, तामीळ की उर्दू, हे ठरवता येण्याजोगे नव्हते. नातवाने हातातल्या शेंगा खाली टाकून टाळ्या पिटल्या. आणि आजीबाईंनी, देवाला करावा तसा, राजवाड्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

हे दिवे संख्येने सुमारे 97,000 आहेत. पिवळ्या उजेडाचे हे लहान बल्ब इमारतीच्या रेघारेघेवर बसवलेले असल्यामुळे दिव्यांनी इमारत झाकली न जाता तिची रचनाच उजेडात पुन्हा काढली जाते. वास्तुशास्त्रज्ञाने पांढऱ्या कागदावर शाईने काढलेला नकाशा काळ्या आकाशावर सोन्याने उतरवावा, तसे ते दिसते. एखादा बल्ब विझलेला असला तर ती त्रुटी लांबूनही जाणवते, आणि म्हणून उन्हात, वाऱ्यात, पावसाळ्यात शिड्या लावून ते बदलणाऱ्या कामगारांचे कसब या सोहळ्यात राजवाडा बांधणाऱ्या कारागिरांच्या कसबाइतकेच मोलाचे मानले पाहिजे. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

ज्या राजवाड्यावर हे दिवे लागतात तो स्वतः अग्निप्रलयातून जन्मलेला आहे, हा योगायोग विसरण्यासारखा नाही. 1897 च्या फेब्रुवारीत राजकन्या जयलक्ष्मम्मण्णींच्या विवाहसमारंभाच्या वेळी जुना, बव्हंशी लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला. नव्या इमारतीची तजवीज हेन्री आयर्विन या वास्तुकाराकडे सोपवण्यात आली. ती 1912 साली पुरी झाली आणि तिला 41,47,913 रुपये खर्च आला. आगीची धास्ती मनात बाळगूनच हे काम झाले. दगड, विटा आणि ओतीव लोखंड यांवर भर देण्यात आला, आणि कल्याणमंडपाचे खांब ग्लासगोच्या कारखान्यात ओतवून आणले गेले.

याच पंधरा वर्षांत म्हैसूर संस्थानात दिव्याची जातच बदलली. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने आणि जोली द लोत्बिनिएर या अभियंत्याच्या देखरेखीखाली कावेरीच्या शिवसमुद्रम धबधब्यावर वीज निर्माण करण्याची योजना हाती घेण्यात आली, आणि 1902 साली तेथील वीज सुमारे 147 किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोहोचली. 1905 साली बंगळुरास विजेचे दिवे लागले. 1908 साली म्हैसूर शहरास. त्या साली संस्थानच्या दिवाणपदावर व्ही. पी. माधवराव होते. हे माधवराव तंजावराकडील मराठी घराण्यातले, पाटणकर आडनावाचे, पुढे बडोद्याचेही दिवाण झालेले. आणि राजवाड्यासमोरून निघणाऱ्या ज्या हमरस्त्याने दसऱ्याची मिरवणूक जाते, त्यालाही बडोद्याच्या सयाजीरावांचेच नाव आहे. म्हैसूरच्या उजेडाशी मराठी माणसाचा संबंध शोधावयास दूर जावे लागत नाही, तो असा वाटेतच भेटतो.

विजेने सणाच्या दिव्यांत केवढा पालट घडवला हे समजण्यासाठी नजर थोडी लांब न्यावी लागते. जर्मनीकडील घरांतून नाताळच्या हिरव्या झाडावर मेणबत्त्या लावण्याची चाल होती आणि ती एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत पसरली. परंतु सुकत चाललेल्या फांद्यांवर उघड्या ज्योती म्हणजे आगीस आमंत्रण, म्हणून त्या थोडा वेळ लावून, पाण्याची बादली जवळ ठेवून, घरच्यांच्या डोळ्यांदेखत विझवाव्या लागत. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील आपल्या घरी झाडावर तांबडे, पांढरे आणि निळे मिळून 80 विजेचे दिवे लावले, आणि हा धोका सरला. तरीही झाड बंद दाराआडच राहिले. ते चव्हाट्यावर आले 1912 साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्ये. ज्यांच्या घरी झाड आणण्याची ऐपत नाही, किंबहुना ज्यांना घरच नाही, अशांनाही नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका झाडाखाली उभे राहता यावे, हा त्यामागचा हेतू होता. 1923 साली वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष कूलिज यांनी व्हरमाँटहून आणलेल्या 48 फुटी झाडावरचे 2,500 दिवे कळ दाबून लावले, आणि तेव्हापासून गावोगावी हा सार्वजनिक सोहळा रूढ झाला. लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात 1947 पासून दरसाल उभे राहणारे झाड हे युद्धकाळातील साहाय्याबद्दल नॉर्वेने कृतज्ञतेने पाठवलेली भेट असते.

घरातला दिवा चव्हाट्यावर आणण्याची ही कल्पना आपल्याकडील माणसाला परकी वाटण्याचे काहीच कारण नाही, कारण आपला सणाचा मोठा दिवा मुळात चव्हाट्यावरचाच होता. जेजुरीच्या पायऱ्यांवरील दगडी दीपमाळा पाहा. खालून वर निमुळत्या होत जाणाऱ्या त्या खांबांना चहूबाजूंनी हात फुटलेले, आणि प्रत्येक हातावर एक ज्योत. गोव्यातील मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ त्याच कुळातला. त्रिपुरी पौर्णिमेला देवळाचा पुजारी आणि गावची पोरे मिळून त्यांवर चढतात, वाती लावतात, वारा आला की विझलेल्या पुन्हा पेटवतात. खाली उभी असलेली माणसे कोणत्या कोनाड्यातील ज्योत तगली आणि कोणत्या कोनाड्यातील गेली याची बोटाने मोजदाद करतात. कोल्हापुरास त्या दिवशी पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात, आणि थंडीत शाली गुंडाळलेली मुले त्यांत तेल घालीत पायऱ्यापायऱ्यांवरून फिरतात. या सर्व ठिकाणी तेलाचे माप हेच उत्सवाचे माप असते. पणतीत बसेल तेवढाच उजेड; तो पाहण्यास त्याच वेळी तेथे हजर असले पाहिजे.

म्हैसूरचे वैशिष्ट्य मला येथे दिसते. तेलाने घातलेली मर्यादा विजेने काढून टाकली, तरी या शहराने ती आपखुशीने पुन्हा घालून घेतली. कळ दाबली की रात्रभर जळतील असे 97,000 दिवे हाताशी असताना ते ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, घटकाभरच लावावयाचे, हा शिरस्ता खर्चाच्या हिशेबातून पडला असेल, राजवाड्याच्या प्रतिष्ठेतून पडला असेल, कसाही पडला असो, त्याने जे साधले ते मोठे आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांच्या दालनांत आता महिनाभर अहोरात्र दिव्यांचे झाड उभे असते. त्याच्याशी माणसे आपापले छायाचित्र घेतात आणि निघून जातात, आणि कोणीही कोणासाठी थांबत नाही, कारण थांबण्याजोगे काही घडावयाचे नसते. राजवाड्यासमोर मात्र सातच्या ठोक्याला एक गोष्ट घडते, ती सर्वांसमोर एकदाच घडते, आणि ती पाहिलेल्या माणसांना त्या संध्याकाळपुरते एकमेकांविषयी ममत्व वाटते. माझ्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी आपल्या डब्यातला लाडू त्या नातवाच्या हातावर ठेवला, तो दिवे लागण्याच्या आधी नव्हे, लागल्यानंतर.

दसऱ्यात ही मर्यादा थोडी सैल होते. मग रस्तोरस्तीच्या झाडांना, चौकांना, कमानींना दिव्यांच्या माळा चढतात, आणि वीजपुरवठा मंडळाची माणसे त्या कामी महिनाभर खपतात. म्हैसूरच्या दसऱ्याचे मूळ मात्र खरोखरीच्या एका झाडापाशी आहे, याकडे दिव्यांच्या झगमगाटात दुर्लक्ष होते. विजयादशमीला दसऱ्याची मिरवणूक, म्हणजेच जंबूसवारी, राजवाड्यातून निघून बन्नीमंटपाकडे जाते ती शमीच्या पूजेसाठी. आपल्याकडे सीमोल्लंघन करून आपट्याचे सोने लुटावे, तशी तेथे बन्नीची, म्हणजे शमीची, पूजा. आणि त्याच रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत होते. शेकडो हातांतील मशाली अंधारात एकत्र येतात, पांगतात, आकृती रचतात. झाड, अंधार, एकवटलेला समाज आणि एकदम उजळणारा प्रकाश, हे सर्व तेथे आधीपासूनच एकत्र होते. संस्थानी अमलात अंबारीत महाराज बसत. 1971 साली तनखे रद्द झाल्यानंतर दसरा लोकांचा झाला आणि अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान झाली. राजवाड्यावरील रोषणाईही पूर्वीच्या काळी हुजुरांच्या वैभवाची खूण होती. आज तिचा धनी मैदानात शेंगा खाणारा माणूस आहे, आणि हे स्थित्यंतर रक्तपातावाचून, रिवाज न मोडता घडले, याचे श्रेय म्हैसूरच्या मनःप्रकृतीला दिले पाहिजे.

त्या मनःप्रकृतीची दुसरी साक्ष लष्कर मोहल्ल्यात उभी आहे. राजवाड्यावरचे दिवे मालवले की गर्दीतील पुष्कळ कुटुंबे अशोक मार्गाने सेंट फिलोमिनाच्या चर्चकडे वळतात. या जागी तिसऱ्या कृष्णराजांच्या कारकीर्दीत, 1843 साली, एक लहान चर्च होते. पुढे चौथ्या कृष्णराजांचे चिटणीस थंबू चेट्टी यांच्या खटपटीने 1926 साली संत फिलोमिनाचा अवशेष म्हैसुरास आला, आणि तो ठेवण्यास साजेसे मंदिर व्हावे म्हणून आजच्या चर्चची पायाभरणी झाली. ती 28 ऑक्टोबर 1933 रोजी खुद्द चौथ्या कृष्णराज वडियारांच्या हस्ते. चामुंडेश्वरीचे निष्ठावंत उपासक असलेल्या राजाने कोलोनच्या कॅथीड्रलच्या धर्तीवरील या वास्तूचा पाया घालावा, तिचे 175 फुटी मनोरे चामुंडीच्या टेकडीवरून दिसावेत, आणि तिच्या तळघरातील संतप्रतिमेसमोर आजही सर्व धर्मांच्या बायकांनी मुलाबाळांसाठी मेणबत्त्या लावाव्यात, हे सारे या गावात इतके सहजी घडून आले आहे की तेथील माणसाला त्यात सांगण्यासारखे काही वाटतच नाही. बाहेरच्याने मात्र ते सांगितले पाहिजे.

नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या आवारात मोठी चांदणी टांगलेली असते, झाड सजवलेले असते आणि ख्रिस्तजन्माचा गोठा मांडलेला असतो. वसईला आणि गोव्यात लहानपणी ज्यांनी गोठे पाहिले आहेत, त्यांना या गोठ्याची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. पेंढा, मातीच्या मेंढ्या, गुडघे टेकलेले मेंढपाळ, सारे तेच. आमच्या बरोबरचा नातू रांगेत पुढे सरकत सरकत तेथे पोहोचला, आणि गोठ्यातील गाईकडे बोट दाखवून त्याने पहिला प्रश्न विचारला तो तिचे वासरू कोठे आहे हा. आजीबाईंना उत्तर सुचेना, तेव्हा पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थांनी कन्नडमध्ये, अगदी गंभीरपणे, वासरू रात्री दूध पिऊन निजले असल्याचे सांगितले आणि मुलाचे समाधान झाले. मी या उत्सवाविषयी पुष्कळ वाचले होते. परंतु एका मुलाच्या शंकेला दुसऱ्या धर्माच्या आजोबांनी स्वतःच्याच नातवाची असावी तशा अगत्याने दिलेले हे उत्तर मला वाचलेल्या सर्व मजकुराहून मोलाचे वाटते.

या रिवाजाविषयी काही काळजीच्या गोष्टीही आहेत, आणि सणाच्या लेखात त्या लिहू नयेत असे मला वाटत नाही. पहिली गोष्ट अतिरेकाची. दिवे अधिक, दिवस अधिक, रस्ते अधिक, असा विस्तार दसऱ्याच्या रोषणाईत होत आला आहे. झाडांच्या खोडांना रात्र-रात्र माळा गुंडाळून ठेवल्या तर पाखरांनी निजावे कोठे, हा प्रश्न कारंजी तलावाच्या काठी राहणाऱ्या नजरबादकरांना तरी पडलाच पाहिजे, कारण त्या तलावाच्या झाडीत पक्ष्यांची मोठी वस्ती आहे. दुसरी गोष्ट, पैसे घेऊन दाखवण्याच्या खेळांची जोड या रोषणाईला अधिकाधिक मिळू लागली, तर ज्याच्या खिशात त्या दिवशी पैसे नाहीत तो माणूस तटाबाहेर उभा राहील. आणि न्यूयॉर्कच्या चौकात 1912 साली झाड आणले गेले ते नेमके अशाच माणसासाठी.

म्हणून राजवाडा मंडळापाशी आणि महानगरपालिकेच्या कारभाऱ्यांपाशी, दरसाल येथे येणाऱ्या एका पाहुण्याच्या अधिकाराने, तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. रविवारची ती घटका आहे तेवढीच ठेवावी, वाढवू नये. ती सर्वांना विनामूल्य खुली राहील असा पक्का हुकूम दफ्तरी करून ठेवावा. आणि वराह दरवाज्याकडील हिरवळीच्या कडेने म्हाताऱ्या माणसांसाठी दगडी बाकांची एक ओळ बसवावी, कारण आजीबाईंना गवतावरून उठवताना आम्हां दोघांना हात द्यावा लागला, आणि पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे आजच्याइतकीही साथ देतील असे त्यांच्या सूनबाईंना वाटत नाही.